रामदासपेठेत गोळाभात शिकताना

पैसे मोजून दुसऱ्याच्या घरी स्वयंपाक शिकायला जायचे, असे आपल्या भागात कुणी म्हणाले तर लोक हसतील. आम्ही निघालो तेव्हा हसलेच. पण जगात हे चालते. मुंबई बंदरात परदेशी प्रवाशांच्या बोटी लागतात. बोट थांबते तेवढ्या वेळात काही प्रवासी शहरातल्या एखाद्या घरी जाऊन पोळी लाटायला शिकतात, तिथेच जेवतात आणि बोटीवर परततात. इटलीत तर बोलोन्या शहरी २००४ साली घरी रांधणाऱ्यांची संस्थाच निघाली. आपली बोट म्हणजे कोल्हापूर-गोंदिया महाराष्ट्र एक्स्प्रेस!

नागपूरला २००९ पासून भरणारे ॲग्रोव्हिजन कृषी प्रदर्शन पाहण्यास आम्ही अकरा सभासद गेलो होतो, पैकी सात भगिनी. प्रदर्शनाचा वृत्तांत स्वतंत्रपणे देऊच. एक दिवस मोकळा होता, तो रामदासपेठेतील एका काकूंच्या स्वयंपाकघरात गेला.

रामदासपेठ ही सीताबर्डीलगतची वस्ती. आता तिथे बघावे तिकडे दवाखाने. विदर्भातल्या माणसाला मोठे दुखणे आले की धंतोली नाहीतर रामदासपेठ गाठायची, अशी तिकडची रीत. अशाच दोन दवाखान्यांच्या मध्ये काकूंचे जुने बैठे घर आहे.

सुरुवातीलाच गंमत झाली. काकू म्हणाल्या, "फ्रिजमधून सांबार घ्या जी." आमच्यातल्या एक भगिनी डाळीचे पातेले शोधू लागल्या. तिकडे सांबार म्हणजे कोथिंबीर! थंडीत ती मुबलक येते, तेव्हा जुड्याच्या जुड्या चिरून, खोबरे-तीळ-खसखस घालून सांबारवडी करतात. ती त्यांनी करून दाखविली, पण आमच्या हातून पुड्या काही नीट मिटेनात. गोळाभात मात्र जमला, म्हणून तो सविस्तर देतो.

हरभऱ्याच्या डाळीचा भरडा घ्यावा. बेसन नव्हे, रवाळ हवा. त्यात तिखट, हळद, हिंग, जिरे, मीठ आणि कडकडीत तेलाचे मोहन घालून, पाण्याचा हात लावून लिंबाएवढे गोळे वळावेत. भात अर्धा शिजून वर थोडे पाणी असतानाच ते अलगद ठेवून झाकण घालावे व मंद आचेवर वाफ येऊ द्यावी. मध्ये ढवळायचे नाही, गोळे फुटतात. वाढताना गोळा भातात कुस्करून वरून मोहरी, हिंग, लाल मिरचीची फोडणी घालायची. सोबत कढी. आम्ही तेल बेताने घेतले तर काकू म्हणाल्या, "हात राखून नका घेऊ जी, गोळा कोरडा असते, घशात बसते." पूर्वी तिकडे जवसाचे तेल फार. सावजी रश्शालाही तेच वापरायची रीत होती.

मग त्यांनी सहज विचारले, "हरभरा घरचाच असेल तुमचा?" आम्ही एकमेकांकडे बघू लागलो. अकरा बागायतदार, आणि डाळ प्रत्येकाची किराणा दुकानातली! बांधापासून बांधापर्यंत ऊस केला, त्यात हरभरा गेला, जवस गेला, ज्वारीही गेली. वास्तविक पूर्वहंगामी लागणीत (१५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर) सरीच्या बगलेला हरभरा टोकता येतो आणि मोठ्या बांधणीच्या आधी तो निघतो. शेतकी खात्याचे लोक हे दरवर्षी सांगतात, आपण मान हलवतो. घरापुरत्या चार सऱ्या करायला काय हरकत आहे?

निघताना काकूंनी फी मोजून घेतली, पावती दिली. आमच्या भगिनींना ते जरा जडच गेले. जेवू घालून पैसे घ्यायचे म्हणजे काय! एकीने बोलूनही दाखविले. काकू रागावल्या नाहीत. "जेवणाचे नाही घेत जी मी, शिकवण्याचे घेते. मास्तर पगार घेते ना?"

आम्हांस हे पटले. आपल्याकडे पन्नास माणसांचा स्वयंपाक बाई एकटी उरकते आणि त्याची कुठे नोंद होत नाही. हंगामात गाळप अन् गुऱ्हाळ बघायला शहरातले पाहुणे येतात, रस पिऊन जातात. शासनाने २०२० साली कृषी पर्यटन धोरणही आणले आहे. गुळाची पोळी, झुणका, तांबडा-पांढरा शिकायला हे पाहुणे का बसणार नाहीत? परतीच्या गाडीत मनमाडपर्यंत यावरच वाद चालला. पुरुषमंडळी म्हणत होती, फी कारखान्याच्या खात्यावर जमा व्हावी. भगिनी म्हणाल्या, चूल जिची, पैसे तिचे. बहुमत भगिनींचेच होते.

इच्छुक भगिनींनी पुढील महिन्यात गटाच्या बैठकीत नावे द्यावीत. आणि गोळाभात करून पाहणारांस एक सूचना: भरडा हवा हे गिरणीवाल्याला दळण टाकतानाच सांगावे, नाहीतर तो सवयीने बेसन करून देतो.