ज्याच्या त्याच्या दुःखाचे समुपदेशन

समुपदेशन माणसागणिक बदलावे लागते. अहिल्यानगर जिल्ह्यात पाथर्डीहून ऊसतोडीला जाणारे कुटुंब कित्येक महिने गावाबाहेर असते. त्यातल्या स्त्रीला दर आठवड्याला दवाखान्यात बोलावणे व्यर्थच. तिच्याशी फोनवर बोलणे, हंगामाआधी सत्रे आखणे हाच व्यवहार्य मार्ग.

पहिल्या भेटीत झोप, भूक, घरची माणसे, कर्ज, व्यसन, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार यांची चौकशी होते आणि त्यावरून दिशा ठरते. अशी एक दिशा म्हणजे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती; ती कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवली. तिच्या मते, भावना घडते ती मुख्यतः घटनेविषयीच्या समजातून. कांद्याचा भाव कोसळला की शेतकऱ्याला दुःख होणारच. पण 'मी नालायक आहे' हा निष्कर्ष तपासता येतो. ते वाक्य वहीत लिहून त्याच्या बाजूचे आणि विरुद्धचे पुरावे मांडायचे. याने कर्ज फिटत नाही, तसे आश्वासन कोणी देऊही नये. मात्र पुढचा निर्णय घेण्याइतके मन सावरू शकते.

ऐकणाऱ्यावर विश्वास हवा. रजनीकांत व मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला सुरू केलेल्या आरोग्य प्रकल्पात गावच्याच स्त्रिया आरोग्यसेविका झाल्या, त्यामागे हाच विश्वास होता. तीव्र आजारात मात्र मानसोपचारतज्ज्ञ हवाच, अनेकदा औषधेही लागतात.

ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलिमानस' या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते. मन फार खचले असेल तर आजच फोन करावा.