स्मृतिभ्रंशाची छोटी चाचणी : गुणांचा अर्थ कसा लावावा



आपल्या देवस्थानाशी निगडित ज्येष्ठांच्या घरून हल्ली एक प्रश्न वरचेवर कानी येतो. "डॉक्टरांनी दहा मिनिटे प्रश्न विचारले व तीसपैकी एकवीस गुण दिले. म्हणजे आमच्या आईंना स्मृतिभ्रंश झाला असे समजावे काय?" आम्ही वैद्य नाही. तथापि या विषयाची जी माहिती आम्ही जाणून घेतली, ती सर्वांच्या उपयोगी पडावी म्हणून येथे देत आहोत.

तीस गुणांची ही चाचणी अमेरिकेतील मार्शल फोल्स्टीन, सुसान फोल्स्टीन व पॉल मॅकह्यू यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केली. तिला मिनी मेंटल स्टेट एक्झामिनेशन असे नाव आहे. आजचा वार व वर्ष, आपण कोठे आहोत, तीन वस्तूंची नावे थोड्या वेळाने पुन्हा सांगणे, शंभरातून सात-सात वजा करीत जाणे, एक वाक्य लिहिणे, आकृती पाहून काढणे, असे तिचे स्वरूप आहे. साधारणतः २४ पेक्षा कमी गुण आल्यास पुढील तपासणी करावी असा संकेत रूढ झाला. पुढील तपासणी हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत. ताप मोजल्याने ताप आहे एवढे कळते, तो कशाचा हे कळत नाही; या गुणांचेही तसेच आहे. याहूनही लहान अशी मिनी-कॉग ही चाचणी तीन शब्द व घड्याळाचे चित्र एवढ्यावरच, सुमारे तीन मिनिटांत पूर्ण होते.

तीन शब्दांची ही गोष्ट वरकरणी पोरखेळ वाटते. अनेक कुटुंबीय म्हणतात, "बाबांना संपूर्ण विष्णुसहस्रनाम मुखोद्गत आहे, त्यांची स्मृती कशी बिघडेल?" परंतु बालपणी पाठ झालेले स्तोत्र ही फार खोल रुजलेली स्मृती होय. अल्झायमरच्या विकारात प्रथम डळमळते ती नवी गोष्ट मनात साठविण्याची शक्ती. त्यामुळे स्तोत्र अस्खलित म्हणणारी व्यक्ती सकाळची गोळी घेतली की नाही हे विसरू शकते. चाचणीतील तीन शब्द नेमकी हीच नवी साठवण पाहतात.

आता गुणांच्या मर्यादेविषयी. १९९३ मध्ये अमेरिकेतील सुमारे १८,००० प्रौढांचे या चाचणीतील गुण प्रसिद्ध झाले. नऊ किंवा अधिक वर्षे शाळेत गेलेल्यांचा मध्यांक २९ होता. चार वर्षे किंवा त्याहून कमी शिकलेल्यांचा केवळ २२. म्हणजे फारशी शाळा न पाहिलेला माणूस पूर्ण निरोगी असूनही २४ च्या खाली जाऊ शकतो. आपल्या देशात ही अडचण ओळखून हरियाणातील बल्लभगड येथील ग्रामीण व बहुतांशी निरक्षर वृद्धांसाठी हिंदी आवृत्ती सिद्ध करण्यात आली व ती १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत शंभरातून सात वजा करण्याऐवजी वीसातून तीन वजा करावयाचे असतात. लेखी सूचना वाचून डोळे मिटण्याऐवजी परीक्षक करील तसे करावयाचे, आणि वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराविषयी काही सांगावयाचे. नुसते भाषांतर करून हे साधले नसते.

आमच्या परिचयातील एका आजींची परीक्षा एका दवाखान्यात इंग्रजी व तेलुगू अशा मिश्र भाषेत झाली. आजी येथे पन्नास वर्षे राहिल्या. बाजारापुरते तेलुगू त्यांना येते. तारीख विचारता त्यांनी तिथी सांगितली. ती अचूक होती, पण कागदावर त्यासाठी जागा नव्हती. गुण १८ आले व घरात रडारड झाली. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी मराठीत, शांतपणे व श्रवणयंत्र लावून विचारले, तेव्हा चित्र निराळे दिसले. उलट एका निवृत्त मुख्याध्यापकांना तीसपैकी २८ गुण मिळाले व घरचे निश्चिंत झाले, मात्र त्याच सुमारास ते वीजबिल दोनदा भरीत व नेहमीच्या रस्त्यावर चुकत होते. उच्चशिक्षित माणूस आपली उणीव बराच काळ झाकू शकतो. अशांसाठी २००५ मध्ये प्रसिद्ध झालेली माँट्रियल येथील मोका चाचणी अधिक सूक्ष्म ठरते. तीत बारा वर्षे वा त्याहून कमी शिक्षण असल्यास एक गुण वाढवून देतात.

म्हणूनच जाणते डॉक्टर घरच्यांनाही विचारतात. दहा वर्षांपूर्वीच्या तुलनेत पैशाचे व्यवहार, औषधे, स्वयंपाकाचा क्रम यांत काय बदलले, याचे उत्तर सूनबाई किंवा मुलगाच देऊ शकतो. येथे संकोच करू नये. सासूबाईंची चहाडी केल्यासारखे वाटते असे एक ताई म्हणाल्या. ती चहाडी नव्हे.

कमी गुणांमागे बरे होण्याजोगी कारणेही असू शकतात. ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव (शाकाहारी ज्येष्ठांत ती बरीच आढळते), थायरॉइडचे मंदावणे, नैराश्य, झोपेच्या गोळ्या, पडल्यानंतर डोक्यात हळूहळू साठलेले रक्त. रक्ततपासणी व मेंदूचे छायाचित्र त्यासाठीच सांगतात. दोन-चार दिवसांत अचानक भ्रम झाला तर ती वेगळी व तातडीची बाब आहे. तेव्हा चाचणीची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

भाषेचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. आपल्याच हैदराबादेत, निझाम्स इन्स्टिट्यूट येथे ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासण्यात आल्या. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाची लक्षणे सुमारे साडेचार वर्षे उशिरा दिसल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. निरक्षरांतही हा फरक आढळला. यावरून रोग टळतो असे मात्र कोणी समजू नये.

चाचणीस नेताना चष्मा व श्रवणयंत्र बरोबर असावे, चालू औषधांची यादी असावी, आणि ज्येष्ठांची भाषा कोणती व शिक्षण किती हे डॉक्टरांना आधीच सांगावे. मराठी जाणणारे कोणी नसल्यास दुभाषी म्हणून घरच्या माणसाने बसावे, पण उत्तर सुचवू नये. शेजारून पुटपुटलेला एक शब्द सारी परीक्षा व्यर्थ करतो. घरी प्रश्नांचा सरावही करून घेऊ नये. गुणांचा कागद जपून ठेवावा, कारण सहा महिन्यांनी वा वर्षाने त्याच भाषेत पुन्हा चाचणी झाली की डॉक्टर प्रथम तोच मागतात.