कारखान्यात आग लागण्याआधी...

महाराष्ट्रातील २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत ठेवणे ही मालकाची किंवा भोगवटादाराची जबाबदारी आहे. परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून 'नमुना ब' प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते.

• वीज : एमसीबी सारखा पडतो म्हणून जास्त अँपिअरचा बसवू नका. एमसीबी पडायचा थांबतो, पण भिंतीतली वायर तापतच राहते.

• वेल्डिंग : ठिणग्या दहा मीटरपर्यंत उडू शकतात. थिनरचे डबे, पुठ्ठे, चिंध्या आधी हलवा. काम संपल्यावर किमान अर्धा तास तिथे लक्ष ठेवा.

• तेलकट चिंध्या : ढिगात आपोआप पेट घेऊ शकतात. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका, रोज रिकामा करा.

• वाटा : जिन्यात माल रचू नका. कामगार आत असताना बाहेरून कुलूप नकोच.

• अग्निशामक : दाबमापकाचा काटा हिरव्या पट्ट्यात हवा. विजेच्या आगीवर पाणी मारू नका; सीओटू किंवा पावडर वापरा. फवारा ज्वाळेच्या बुडाशी धरा.

धूर वाढू लागला, की माल सोडा, माणसे बाहेर काढा आणि १०१ ला फोन करा.