तेल खाणारे जिवाणू



बनेद अल-गार या नावातल्या ‘गार’चा आपल्या गारव्याशी काही संबंध नाही बरं का! अरबीत त्याचा अर्थ डांबर. आखातात पूर्वापार होड्यांमध्ये पाणी शिरू नये म्हणून ते फासत. तेव्हा तेलाने माखलेल्या मातीचं काय करायचं, हा विषय आपल्या पत्त्यातच लिहिलेला आहे म्हणा ना!

१९९१ मध्ये माघार घेणाऱ्या इराकी सैन्याने कुवेतच्या सहाशेहून अधिक तेलविहिरी पेटवल्या. शेवटची आग ६ नोव्हेंबर १९९१ ला विझली. तोवर वाळवंटात तेलाची तीनशेहून जास्त तळी साचली होती. वरचं तेल पंपाने उपसता येतं, पण मातीत मुरलेल्याचं काय?

त्यावरचा एक उपाय मातीतच होता. काही जिवाणूंचं तेल हेच अन्न. तेलातला कार्बन खाऊन ते त्याचा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी करतात. कुवेत विद्यापीठातले समीर रदवान आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिलं, की तेलकट वाळूत उगवलेल्या रानझाडांची मुळं स्वच्छ राहतात, कारण मुळांभोवती अशा जिवाणूंची दाट वस्ती असते.

मग इतकी वर्षं हे काम आपोआप का झालं नाही? कारण नुसत्या तेलावर त्यांचं भागत नाही. हवा, ओलावा, नत्र आणि स्फुरदही लागतं, आणि वाळवंटात या गोष्टींचाच तुटवडा. गावाकडची नाडेप खताची टाकी आठवा. भिंतीला हवेसाठी भोकं ठेवावी लागतात, पाणी शिंपडावं लागतं, तेव्हा कुठे कचऱ्याचं खत होतं. इथेही तसंच आहे.

कुवेत इन्स्टिट्यूट फॉर सायंटिफिक रिसर्चने १९९० च्या दशकात जपानी संस्थेच्या मदतीने बुरगान तेलक्षेत्रात हेच करून पाहिलं. दूषित मातीत खत आणि लाकडाचा भुगा मिसळला, ढीग रचले, पाणी दिलं, माती खालीवर केली. तेलाचं प्रमाण बरंच घटलं.

अर्थात ही जादू नव्हे. तेलातले साधे, हलके घटक जिवाणू लवकर फस्त करतात. डांबरासारखा जड भाग मात्र शेवटपर्यंत चिवटपणे मागे राहतो. खारट माती आणि उन्हाळाही त्यांना मानवत नाही. म्हणून महिनोन् महिने निगा राखावी लागते, आणि खर्च येतो तो याच निगेचा.

संयुक्त राष्ट्रांच्या भरपाई आयोगाने कुवेतला पर्यावरणासाठी मोठा निधी मंजूर केला. तरीही माती शुद्ध करण्याची मोठी कंत्राटं २०२१ मध्ये, म्हणजे युद्धानंतर तब्बल तीस वर्षांनी दिली गेली. आग विझायला काही महिने लागले. मातीला मात्र आपल्या मुलांची अख्खी पिढी मोठी होईपर्यंत वाट पाहावी लागली. ज्या देशाने आपल्याला अन्न दिलं, त्याच्या मातीची ही गोष्ट आपल्याला ठाऊक असायलाच हवी, नाही का?