लंगोटाखालची आग : घरगुती उपचारांची शिस्त

चातुर्मासाचे दिवस. पावसाची झड लागलेली. सांगलीसारख्या बाजारपेठेच्या गावातील एखादे एकत्र कुटुंबाचे घर डोळ्यांसमोर आणावे. धाकट्या सुनेचे नऊ महिन्यांचे बाळ. दोन दिवसांपूर्वीच घरातील मंडळी कुंथलगिरीचे दर्शन घेऊन परतलेली. वाटेत पाऊस, त्यामुळे प्रवास लांबलेला. बाळाला घातलेला डायपर पाच-सहा तास तसाच राहिलेला आणि त्यातच बाळाला पातळ शी होऊ लागलेली. दुसऱ्या दिवशी न्हाऊ घालताना पाहावे, तो मांड्यांपासून कंबरेपर्यंतची कातडी लालभडक झालेली, दोन-तीन ठिकाणी सालही निघालेली. पाणी लागताच बाळाने असा टाहो फोडला की, ओसरीवर बसलेले आजोबाही उठून आत आले.

मग घरात सल्ल्यांची रीघ लागते. "अगं, भरपूर पावडर लाव, सुकून जाईल," सासूबाई म्हणतात. थोरल्या जाऊबाई खोबरेल तेलात कापूर विरघळवून लावण्याचे सुचवतात. शेजारच्या काकू डाळीचे पीठ आणि सायीने अंग चोळायला सांगतात. दुकानातून परतताना बाळाचे वडील चुलतभावाच्या औषधांच्या दुकानातून एक ट्यूब घेऊन येतात. "दादा, हे लावा, एका दिवसात फरक पडतो," असे त्याने सांगितलेले असते. तरुण आईच्या हाती एकाच वेळी चार उपाय येतात. चौघांनीही ते मायेनेच सुचवलेले असतात. तरीही त्या क्षणी त्यांपैकी एकही बाळाच्या हिताचा नसतो.

लंगोटाखालचे पुरळ हे बालपणीचे अगदी साधे दुखणे आहे. नऊ ते बारा महिन्यांच्या सुमारास, म्हणजे बाळ वरचे अन्न घेऊ लागल्यावर, ते विशेष आढळते. ते तीव्र झाले तरी बहुतेक वेळा घरच्या घरी बरे होते. मात्र त्यासाठी उपायांची संख्या वाढवून चालत नाही. थोडेच उपाय, पण ते चुकता करायचे नाहीत, ही शिस्त पाळावी लागते.

कातडी सोलवटते कशामुळे?

पूर्वी या पुरळाचा सारा दोष लघवीतील अमोनियाला दिला जाई. पुढे ध्यानात आले की, खरे नुकसान शी आणि शू यांच्या संयोगाने होते. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते आणि हेच तिचे कवच असते. लघवी फार वेळ साचून राहिली आणि तिच्यात शी मिसळली की, जंतूंच्या क्रियेने अमोनिया तयार होतो व त्वचेची आम्लता घटते. त्यामुळे शीमध्ये असलेली प्रथिने व चरबी पचवणारी पाचक द्रव्ये अधिक जोमाने काम करू लागतात. अन्न पचवणारी ही द्रव्ये मग बाळाच्या कोवळ्या कातडीवरच आपला गुण दाखवतात. त्यातच ओलाव्याने भिजून मऊ पडलेल्या कातडीवर डायपरचे घर्षण होत राहते. जुलाब लागले असता किंवा जंतुनाशक औषध चालू असता पुरळ एका रात्रीत भडकते, त्याचे कारण हेच.

यावरून उपचाराची दिशा स्पष्ट होते. ओलावा दूर ठेवावा, शीचा स्पर्श कमीत कमी वेळ होऊ द्यावा, घर्षण टाळावे आणि कातडीवर संरक्षक थर द्यावा. बाकी काम निसर्ग करतो.

धुणे, टिपणे, वारा

पहिला नियम वेळेचा. शी झाल्याचे कळताच, क्षणाचाही विलंब न लावता लंगोट बदलावा. एरवीही दर दोन-तीन तासांनी बदल करावा. पुरळ तीव्र असेपर्यंत रात्री एकदा उठून बदलणे आवश्यक आहे. डायपर चांगला की सुती लंगोट, हा वाद येथे दुय्यम आहे. डायपर ओलावा शोषून घेतो हे खरे, पण शी शोषून घेत नाही. आणि सुती लंगोट कितीही मऊ असला तरी ओला राहिला की तोही तितकाच त्रासदायक ठरतो.

स्वच्छतेसाठी साधे कोमट पाणी पुरेसे आहे. जैन घरांत पाणी गाळून, उकळून ठेवण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. तेच पाणी कोमट करून वापरावे. सोललेल्या जागी हात किंवा कापड चोळू नये. तांब्याने हलकी धार सोडावी अथवा बाळाला पसरट घमेल्यात काही मिनिटे कोमट पाण्यात बसवावे. या काळात साबण आणि सुगंधी ओले पुसणे दोन्ही बंद ठेवावीत, कारण त्यांतील सुवास व रसायने उघड्या कातडीला झोंबतात. मुलीला पुसताना हात नेहमी पुढून मागे न्यावा. त्यानंतर जुन्या मऊ सुती कापडाने टिपून घ्यावे. टिपणे आणि पुसणे यांतील फरक बाळाला चांगला कळतो.

दुसरा नियम वाऱ्याचा. दिवसातून तीन-चार वेळा, प्रत्येक वेळी दहा-पंधरा मिनिटे, बाळाला लंगोटाविना मोकळे ठेवावे. खाली रबरी कापड आणि त्यावर सुती दुपटे अंथरले की अंथरूण भिजण्याची चिंता राहत नाही. मात्र जागा लवकर सुकावी म्हणून शेगडीची ऊब देणे किंवा केस वाळवण्याचे यंत्र लावणे धोक्याचे आहे. आधीच दुखावलेली कातडी भाजायला क्षण पुरतो.

पावसाळ्यात लंगोट वाळत नाहीत, ही प्रत्येक घराची तक्रार असते. ते गरम पाण्यात धुऊन, साबणाचा अंश राहणार नाही असे दोनदा खळबळून घ्यावेत. दमट राहिल्यास इस्त्री फिरवून पूर्ण कोरडे करावेत. लंगोटावर प्लास्टिकची चड्डी घालू नये. डायपर वापरायचा झाल्यास काही दिवस एक माप मोठा घ्यावा आणि सैल बांधावा.

मलमाचा थर

तिसरा नियम मलमाचा. येथे सर्वांत भरवशाचे द्रव्य म्हणजे झिंक ऑक्साइड, म्हणजेच जस्ताचे एक संयुग. साध्या मलमात त्याचे प्रमाण कमी असते. तीव्र पुरळासाठी मात्र ४० टक्क्यांपर्यंत झिंक ऑक्साइड असलेली घट्ट मलमे मिळतात. पुरळ सौम्य असेल तर साधी पेट्रोलियम जेलीही चालते.

मलम लावण्यात बहुतेकांची चूक होते ती कंजुषीने. गालाला क्रीम लावावी तसे ते पातळ पसरून उपयोग नाही. खालची कातडी दिसू नये इतका जाड थर प्रत्येक बदलाच्या वेळी द्यावा. दुसरी चूक म्हणजे पुढच्या वेळी तो सारा थर खरवडून काढणे. शी लागलेला वरचा भाग तेवढा कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने हलकेच उचलावा. खालचा स्वच्छ थर राहू द्यावा आणि त्यावर नवे मलम चढवावे. संपूर्ण थर काढणे भागच पडले तर बोळ्यावर थोडे साधे तेल घ्यावे, म्हणजे घासावे लागत नाही.

जे टाळावे

पावडर ओलाव्याने गोळा होऊन कातडीच्या घडीत साचते आणि अधिक टोचते. शिवाय तिचा धुरळा बाळाच्या श्वासात जातो. बोरिक पावडर तर अजिबात लावू नये. कॅरमच्या पटासाठी घरात असलेली ही पावडर सोललेल्या कातडीतून शरीरात शोषली जाते आणि बाळाला विषबाधा करू शकते. कापराचेही तसेच आहे. लहान बाळासाठी तो विषारी आहे. डाळीचे पीठ, हळद, तुरटी यांचे स्थान उघड्या जखमेवर नाही. निरोगी अंगाला खोबरेल तेल अवश्य लावावे, परंतु रसरसलेल्या जागी तेवढ्या एका उपायावर विसंबू नये.

मध लावण्याचा सल्लाही कुठे कुठे दिला जातो. जैन घरांत मध वर्ज्यच असतो. एक वर्षाखालील बाळाच्या पोटात मध जाऊ नये, असे वैद्यकशास्त्रही बजावते. मलमांच्या बाबतीतही वेष्टन वाचण्याची सवय उपयोगी पडते. झिंक ऑक्साइड आणि पेट्रोलियम जेली ही खनिज मूळ असलेली द्रव्ये आहेत. मात्र काही मलमांत मेंढीच्या लोकरीतून काढलेले लॅनोलिन किंवा मधमाश्यांचे मेण असते, तर काही परदेशी मलमांत कॉड माशाच्या यकृताचे तेलही असते. परदेशातील नातेवाइकांनी प्रेमाने पाठवलेली ट्यूब उघडण्यापूर्वी तिच्यावरील घटकांची यादी पाहावी.

पुरळ की बुरशी?

तीन दिवस निष्ठेने एवढे करूनही लाली ओसरली नाही, तर बुरशीची शंका घ्यावी. साधे पुरळ डायपर जेथे घासतो त्या उंचवट्यांवर असते आणि जांघेची घडी बहुधा सुटते. कँडिडा नावाच्या बुरशीची लाली गडद असते, ती घडीच्या आत शिरते आणि तिच्या काठाबाहेर लहान लहान लाल पुटकुळ्या विखुरलेल्या दिसतात. बाळाच्या तोंडात दुधासारखे, पुसून न निघणारे पांढरे चट्टे दिसले तर शंका अधिक बळावते. जंतुनाशक औषधाच्या काळात ही बुरशी विशेष फोफावते. तिच्यावर बुरशीनाशक मलम लागते आणि ते डॉक्टरांनी सुचवलेले असावे. आधी ते औषध पातळ लावावे आणि त्यावर झिंकचा थर द्यावा.

ट्यूबमधील उसनवारी

आता चुलतभावाच्या दुकानातील त्या ट्यूबकडे वळावे लागेल, कारण खरा धोका तेथेच आहे. बाजारात सहज मिळणाऱ्या अशा अनेक मलमांत बुरशीनाशक आणि जंतुनाशक औषधांच्या जोडीला तीव्र स्टेरॉइड असते. क्लोबेटासोल, बेटामेथासोन, बेक्लोमेथासोन ही त्यांतील नेहमीची नावे. त्याने लाली एका दिवसात उतरते, हे खोटे नाही. पण हा आराम उसनवारीचा असतो. स्टेरॉइड सूज दाबते, त्याच वेळी त्वचेची प्रतिकारशक्तीही दाबते. मलम थांबताच बुरशी दुप्पट जोराने उसळू शकते. मग पुन्हा तेच मलम लावले जाते आणि व्याज वाढत जाते.

बाळाच्या बाबतीत हे व्याज फार महाग पडते. डायपरच्या बंदिस्त आवरणाखाली औषध कितीतरी अधिक शोषले जाते. वजनाच्या मानाने बाळाच्या त्वचेचे क्षेत्रही मोठे असते. आठवडेन्‌आठवडे वापर झाल्यास त्या जागची कातडी पातळ पडते. स्टेरॉइड रक्तात उतरून बाळाच्या शरीरातील नैसर्गिक संप्रेरकांचे काम मंदावू शकते आणि वाढीवरही परिणाम होऊ शकतो. कधी कधी डॉक्टर स्वतः अत्यंत सौम्य स्टेरॉइड मोजक्या दिवसांसाठी देतात. ती गोष्ट वेगळी, कारण तेथे तपासणी, मात्रा आणि मुदत तिन्ही असतात.

केंद्र सरकारने २०१८ साली अशी अनेक स्टेरॉइडयुक्त मलमे परिशिष्ट एचमध्ये आणली. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना ती विकता येत नाहीत. समाजातील कित्येक कुटुंबांचा औषधांचा व्यापार आहे. त्यांच्यासाठी हा केवळ कायद्याचा प्रश्न नाही. गल्ल्यापलीकडे उभा असलेला बाप घाबरलेला असतो आणि दुकानदारावर विश्वास ठेवून आलेला असतो. अशा वेळी "चिठ्ठी आणा" असे सांगून झिंकचे साधे मलम हाती देणारा दुकानदार नफा थोडा कमी कमावतो, पण त्या बाळाचे हित साधतो.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

ताप येणे, फोड, पू किंवा पिवळी खपली दिसणे, रक्त थांबत नसणे, पुरळ पोटावर वा पाठीवर पसरणे, बाळ दूध नाकारणे वा मलूल पडणे, दोन-तीन दिवसांत काहीच उतार न पडणे – यांपैकी काहीही आढळल्यास घरचे उपाय पुरे समजावेत. बाळ सहा आठवड्यांपेक्षा लहान असेल तर आरंभापासूनच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. तोंडाभोवती आणि गुदद्वाराभोवती एकाच वेळी हट्टी पुरळ उठून केस गळू लागले, तर शरीरातील जस्ताची कमतरताही तपासावी लागते. जुलाब चालू असतील तर त्यांवर उपचार झाल्याविना पुरळ बरे होणार नाही. अशा वेळी क्षारसंजीवनी चालू ठेवावी, फळांचे आंबट रस थांबवावेत आणि अंगावरचे दूध मुळीच तोडू नये.

पुन्हा त्या घराकडे वळावे. सुनेने पावडरचा डबा फळीवर ठेवला आणि ट्यूब न उघडताच नवऱ्याच्या हाती परत दिली. तिने सासूबाईंना एवढेच सांगितले, "आई, दोन दिवस नुसते पाणी, वारा आणि झिंकचे मलम करून पाहू या. उतार पडला नाही तर आपण दोघीच डॉक्टरांकडे जाऊ." सासूबाईंनीही मग जुन्या मऊ साडीची दुपटी फाडून दिली आणि दुपारच्या वेळी बाळाला मोकळे ठेवण्याचे काम स्वतःकडे घेतले. रात्रीच्या एका बदलासाठी बाळाचे वडील उठू लागले. चौथ्या दिवशी सोललेल्या जागी कोवळी गुलाबी कातडी दिसू लागली आणि न्हाताना बाळ पाण्यात हात आपटू लागले. पुढच्या यात्रेला निघताना गाडीत सर्वांत वर ठेवलेल्या पिशवीत सहा लंगोट, गाळलेल्या पाण्याची बाटली आणि मलमाची डबी होती, आणि वाटेत दर दोन तासांनी गाडी थांबवायची, हे आजोबांनी आधीच चालकाला सांगून ठेवले होते.