चामड्याच्या कव्हराबाहेर

रविवार, सकाळचे पावणेनऊ. मंगळवार पेठेतला जुना बाजार अजून पुरता मांडून झालेला नाही. ताडपत्र्या अंथरल्या जातायत, पोत्यांची तोंडं सुटतायत. पान्यांचे ढीग, नळाच्या तोट्या, पितळी कड्या, मोटारींचे आरसे, निरनिराळ्या वेळांवर थांबलेली भिंतीवरची घड्याळं. जानेवारी संपत आलाय, पण हवेत गारवा आहे आणि चहाच्या वाफेत गंजाचा वास मिसळलाय. दर बुधवारी आणि रविवारी हा बाजार भरतो. मी रविवारी येते, लवकर येते, कारण साडेदहानंतर इथे उरतं ते दुसऱ्यांनी हाताळून ठेवलेलं.

भिंतीलगतच्या ताडपत्रीवर रेडिओ, दुर्बिणी, टेपरेकॉर्डर. चाचा मला लांबूनच हात करतात.

"या ताई. आज दोन पीस आलेत. आधी बघून घ्या, मग बोलू."

पहिला कॅमेरा बघताक्षणी मोह पाडतो. तपकिरी चामड्याचं कव्हर, शिवण शाबूत, बटण चकचकीत. बटण काढते तसा कव्हराचा पुढचा भाग खाली लोंबतो आणि आतून झेनिट-ई डोकावतो. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात घडलेला, सोव्हिएत काळातला दणकट गडी. क्रमांकाचे पहिले दोन आकडे ७८, म्हणजे १९७८ सालचा. अंगावर एक ओरखडा नाही. पुढे हेलिऑस ४४-२ लेन्स, ५८ मिलिमीटर, एफ २. जर्मनीतल्या झाइसच्या बायोटार लेन्सच्या आराखड्यावरून रशियनांनी ती बनवली. अपर्चर पूर्ण उघडून झाडीपुढे माणूस उभा केला, की मागची पानं त्याच्याभोवती भोवऱ्यासारखी गोल फिरल्यागत दिसतात. त्या भोवऱ्यासाठी आजची तरुण पोरंसुद्धा ही लेन्स शोधत फिरतात.

मी लेन्स आट्यांवरून फिरवून काढते. समोरून बघितली तर लख्ख. मग मोबाइलचा टॉर्च मागून तिरका धरते आणि पोटात खड्डा पडतो. काचेच्या कडेपासून मध्याकडे सरकलेले बारीक, पांढरे, फांद्या फुटलेले धागे. बुरशी. अशी लेन्स घरात इतर लेन्सांपासून लांब ठेवावी लागते. बुरशी नवी असेल तर उघडून पुसता येते, जुनी असेल तर पुसल्यावरही काचेवर तिचा चरा उरतो. ही जुनी आहे.

शटर ओढते, बटण दाबते. कापडी पडदा अर्ध्यावर जाऊन थांबतो. रबर चढवलेलं कापड ताठरलंय. लेन्सच्या वर, मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या काचेमागे सेलेनियमचा मीटर आहे. त्याला बॅटरी लागत नाही, उजेड पडला की काटा हलतो. मी कॅमेरा उन्हाकडे धरते. काटा ढिम्म.

"घरातला पीस आहे ताई," चाचा समजावतात. "कपाटातनं निघालेला. कुणी हातसुद्धा लावला नव्हता."

हात लावला नाही, हाच तर त्याचा आजार. चामडं ओल धरून ठेवतं. पावसाळ्याचे चार महिने बंद कपाट, आत कव्हर, कव्हरात काळोख; बुरशीला आणखी काय हवं? आणि यंत्र वर्षानुवर्षं फिरलं नाही, तर आतलं ग्रीस सुकून घट्ट होतं. या कॅमेऱ्याला कुणी आपटलं नाही, भिजवलं नाही, टाकून दिलं नाही. कुणीतरी त्याला फार जपलं, आणि त्या जपण्यानंच तो गेला.

बोलता बोलता माझ्या डोळ्यांपुढे आमचं घरचं कपाट येतं. बाबांनी १९७४ मध्ये पहिल्या पगारातून घेतलेला आग्फा क्लिक थ्री त्या कपाटात वरच्या खणात असायचा. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजमध्ये बनलेला, साध्या माणसाला परवडणारा कॅमेरा. एका रोलवर बारा फोटो. आमच्याकडे एक रोल गणपतीपासून पुढच्या गणपतीपर्यंत पुरवला जाई. फोटो निघाला की कॅमेरा कव्हरात, कव्हर पिशवीत, पिशवी डांबरगोळ्यांच्या शेजारी, आणि किल्ली आईच्या कमरेला. मागच्या वर्षी तो बाहेर काढला, तर भिंग धुक्यानं भरल्यासारखं झालं होतं. बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी तो पुन्हा कव्हरात घातला आणि बटण लावलं.

"दुसरा दाखवा," मी म्हणते.

दुसरा गोणपाटावर उघडाच पडलाय. याशिका मॅट-१२४ जी. वरचं भिंग बघायचं, खालचं फोटो काढायचं, असा दोन डोळ्यांचा कॅमेरा. त्याचा अवतार बघवत नाही. कडांचा काळा रंग घासून आतला धातू उघडा पडलाय, पट्ट्याच्या जागी सुतळी आहे, एका कोपऱ्याला पोचा आहे. डाव्या बाजूचं फोकसचं चाक बोटांनी झिजून गुळगुळीत झालंय.

"स्टुडिओतनं आलाय," चाचा सांगतात. "म्हातारबाबा गेले, पोरांनी स्टुडिओ बंद केला. सगळा माल एकगठ्ठा घेतला मी."

मी वरचं झाकण उघडते आणि काचेत डोकावते. समोरचा बाजार उजवा-डावा उलटा होऊन त्या चौकोनात उतरतो. चहावाला डावीकडे चाललाय आणि काचेत उजवीकडे. पण त्या चौकोनात बाजाराखेरीज आणखी काहीतरी आहे. शाईनं आखलेल्या दोन बारीक उभ्या रेघा. क्षणभर कळत नाही. मग उलगडतं, की या पासपोर्ट फोटोच्या रेघा. डोकं-खांदे या दोन रेघांमध्ये बसवायचे, म्हणजे कापताना कान जायचा नाही. या दोन रेघांमध्ये किती माणसं येऊन बसली असतील! नोकरीच्या अर्जासाठी, रेशनकार्डासाठी, लग्नाच्या स्थळासाठी. केस ओले करून विंचरलेली, श्वास रोखून धरलेली.

आता तपासणी. शटर एक सेकंदावर ठेवते. उजवीकडचं हँडल पुढे फिरवून मागे आणते, मागचं झाकण उघडून खालच्या भिंगातून आकाशाकडे बघते आणि बटण दाबते. घर्रर्र... टक्. आतल्या चाकांची घरघर न अडखळता, एका लयीत सुरू होते आणि संपते. जुन्या शटरची खरी परीक्षा या लांब वेगांवर होते, कारण ग्रीस घट्ट झालं असेल तर आवाज मध्येच जड होतो, तुटतो. मग अर्धा सेकंद, पाव सेकंद, पुढे १/३०, १/१२५, १/५००. दर वेळी आवाज आधीपेक्षा आखूड, शेवटी नुसती चुटकी. प्रत्येक वेळी प्रकाशाचा गोल नीट उघडतो, नीट मिटतो. अपर्चरच्या पात्यांवर तेल नाही. टॉर्च लावते. ८० मिलिमीटरच्या याशिनॉन लेन्समध्ये धुळीचे दोन-चार कण, बुरशीचा एकही धागा नाही.

दुखणी आहेत. मागच्या झाकणातला फोम विरघळून डांबरासारखा चिकटलाय, तिथून उजेड आत शिरेल. मीटरसाठी लागणारे १.३५ व्होल्टचे पाऱ्याचे सेल आता बनत नाहीत. पण फोम बदलणं एका संध्याकाळचं काम आहे, आणि मीटर नसला तरी डोळे आहेत.

हा कॅमेरा आजही चालतो, कारण तो रोज चालला. दुकान उघडलं की तो कामाला लागायचा. ग्रीसला घट्ट व्हायला उसंत मिळाली नाही, भिंगाला हवा-उजेड मिळत राहिला. त्याचा प्रत्येक ओरखडा मला आता हजेरीपटावरच्या सहीसारखा वाटतो.

चाचा नऊ हजार सांगतात. मी फोम दाखवते, पोचा दाखवते, मीटर दाखवते. साडेसहा हजारांवर आमचं जमतं. नोटा मोजून खिशात घालत चाचा त्या तपकिरी कव्हराकडे बोट करतात.

"असलंच एक कव्हर याचंही आहे, ताई. घेऊन जा, पैसे नकोत."

"नको चाचा. ते राहू दे."

टपरीच्या बाकावर बसून रोल भरते. दाबपट्टी १२० वर सरकवते, कागदाचं टोक रिकाम्या रिळात अडकवते, कागदावरचा बाण खुणेशी आला की झाकण लावते. झाकणाच्या फटीवर सगळीकडून काळी चिकटपट्टी. इल्फर्डचा एचपी फाइव्ह प्लस, ४०० आयएसओ. बारा फोटो, एकही जास्त नाही.

कुंभारवेशीकडून कसब्यात शिरते. कसबा गणपतीच्या परिसरातल्या तांबट आळीत आवाज आधी येतो, आळी नंतर. ठण्, ठण्, ठण्. पेशवाईपासून इथे तांब्याची भांडी घडतायत. उघड्या दारातून एक कारागीर दिसतो. मांडी घालून बसलेला, पुढ्यात घंगाळ, आणि हातोड्याचा प्रत्येक घाव आधीच्या घावाच्या अगदी शेजारी. त्या ठोक्यांचे गोल ठसे ओळीनं उमटत जातात. याला मठारकाम म्हणतात.

"दादा, फोटो काढू?"

"काढा की." ते मान वर करतात. "पण हा कुठला कॅमेरा? खाली बघून फोटो काढताय!"

कॅमेरा पोटाशी, मान खाली, त्यामुळे माणसाच्या डोळ्यावर भिंग रोखलं जात नाही. ते सैलावतात आणि पुन्हा कामाला लागतात. बाहेर उन्हात असते तर हिशेब सोपा होता: स्वच्छ ऊन, अपर्चर १६, आणि शटर फिल्मच्या आयएसओच्या जवळपास, म्हणजे १/५००. इथे दारापासून तीन पावलं आत प्रकाश पुष्कळ उतरलाय. मी एफ ४ आणि १/३० ठेवते, कोपर बरगडीला टेकवते, श्वास सोडते. चुटकी. इतका बारीक आवाज, की हातोड्याच्या दोन ठोक्यांमधल्या जागेत तो सहज मावतो.

हँडल फिरवते. दोन. तीन. उलटा फिरणारा चौकोन हळूहळू अंगवळणी पडतो. घंगाळ डावीकडे हवं तर आपण कुठे वळायचं हे मानेला कळायला लागतं. सातव्या फोटोला ते दादा उठून येतात आणि काचेत डोकावतात. स्वतःचं दुकान उलटं बघून हसतात, मग बोट ठेवतात.

"या रेघा कशाच्या?"

मी सांगते. ते मान हलवतात. "म्हणजे कामाचा आहे."

कोपऱ्यात कुणीतरी दुरुस्तीला टाकलेला तांब्याचा बंब उभा आहे. बरीच वर्षं माळ्यावर होता म्हणे. सगळा हिरवा पडलाय. त्याचाही एक फोटो काढते. तो अकरावा. बारावा काढत नाही.

घरी पोचते तेव्हा दुपार कलायला आलीये. बाबा खिडकीपाशी पेपर वाचतायत. मी काही न बोलता याशिका त्यांच्या मांडीवर ठेवते. ते चष्मा वर सारतात, वरचं झाकण उघडतात, चाक फिरवतात.

"किती राहिलेत?"

"एक."

"मग जपून," ते म्हणतात, आणि लगेच कॅमेरा माझ्या हातात देऊन उठतात. आत कपाटाचं दार वाजतं. बाहेर येतात तेव्हा हातात क्लिक थ्री असतो, कव्हरातून काढलेला. तो छातीशी धरून खिडकीच्या उजेडात बसतात. मी त्यांना त्या दोन रेघांमध्ये आणते. एफ ५.६, १/६०. बाबांनी श्वास रोखलाय. मी दाबते. बारा.

संध्याकाळी रोल धुते. काळ्या पिशवीत हात घालून नुसत्या बोटांनी फिल्म रिळावर चढवते. कडा खोबणीत सरकत गेल्या की बोटांना कळतं. टाकीचं झाकण घट्ट. थर्मामीटर २० अंश दाखवतो. डी-७६ डेव्हलपर ओतते, साडेसात मिनिटं. दर मिनिटाला टाकी चार वेळा उलटी-सुलटी, मग तळाशी एक टपली, म्हणजे बुडबुडे चिकटून राहत नाहीत. मग थांबवायचं पाणी, मग हायपो. न्हाणीघरात आंबट वास भरतो. बाबा दाराशी खुर्ची टाकून घड्याळ बघतायत आणि प्रत्येक मिनिट मोठ्यानं सांगतायत.

धुऊन झाल्यावर फिल्म उलगडते. ओली, चमकती, हाताएवढी लांब पट्टी. दिव्यासमोर धरते. एका कडेला उजेडाची पुसट रेघ आलीये, चिकटपट्टी तिथे सैल राहिली असणार. पण चौकटी बाराच्या बारा आहेत. हातोडा काळा, तांब्यावरची चकाकी काळी. निगेटिव्हमध्ये उजेड काळा होतो. घंगाळावरचा एकेक ठसा मोजून घ्यावा इतका स्पष्ट आहे. शेवटच्या चौकटीत बाबा, पांढऱ्या बुबुळांचे, छातीशी क्लिक थ्री. रेघा अर्थातच नाहीत. त्या फक्त कॅमेरा धरणाऱ्याला दिसतात.

फिल्म कपड्यांच्या चिमट्यांनी दोरीला टांगते. बाबा तिच्याखाली उभे राहून शेवटच्या चौकटीकडे बराच वेळ बघतात.

"तुझ्या या कॅमेऱ्यात कुठला रोल लागतो?"

"१२०."

"माझ्याही तोच." ते क्लिक थ्री उचलतात, खटका दाबून बघतात. टक् वाजतो. खिडकीच्या कट्ट्यावर, उजेड येईल असा तो ठेवतात. रिकामं कव्हर टेबलावरच राहतं.

"भिंग धुरकट आहे बाबा."

"धुरकट तर धुरकट. उद्या दोन रोल आण."