पेयाच्या जाहिरातीचं डिझाइन स्वतःच कसं तपासावं?

पेयाच्या जाहिरातीचं डिझाइन तपासताना ती कुठे लागणार, हे आधी पाहतात. उदाहरणार्थ, माळव्यातलं देवास शहर आग्रा-मुंबई महामार्गावर आहे, तर धार इंदूर-अहमदाबाद मार्गावर. अशा रस्त्यांवर धावत्या गाडीतून फलक जेमतेम काही सेकंद दिसतो.

आकार: डिझाइन पडद्यावर नखाएवढं लहान करून पाहावं. बाटली आणि नाव ओळखू आलं, तर मांडणी जमली. देवनागरीत फार जाड टाइप घेतला, की अक्षरांतली पोकळी बुजते. रफार आणि अनुस्वार लांबून हरवतात.

रंग: पडद्यावरचा झगझगीत नारंगी छपाईत मंदावतो. फ्लेक्सचा छोटा नमुना छापून माळव्यातल्या दुपारच्या उन्हात धरून पाहावा.

संदेश: तो एकच असावा. उदाहरणार्थ, जाहिरात-चित्रकार अन्नदा मुन्शी यांच्या १९४७च्या चहाच्या पोस्टरवर चरख्यापाशी बसलेली स्त्री आहे. सांगणं एवढंच, की चहा स्वदेशी आहे.

खरेपणा: पेयात फळाचा रसच नसेल, तर रस गळणारं संत्रं दाखवणं ही दिशाभूल.

वेगळेपणा: नाव झाकावं. तीच जाहिरात दुसऱ्या कुठल्याही सरबताला खपून जात असेल, तर डिझाइन पुन्हा करायला घ्यावं.